हात उघडून दाव

आजारी माणसाला भेटायला जायची पद्धत ज्यानं कुणी पाडली, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. त्याला मी चांगला गोड चहा पाजीन आणि मग मनात साठलेलं सगळं ऐकवीन. उन्हाळ्यात माझ्या हाताचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आमच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, पाहुण्यांची रीघ लागली. सासूचं माहेर, माझं माहेर, नवऱ्याच्या साखर कारखान्यातली माणसं, लग्नानंतर ज्यांचं तोंड पुन्हा पाहिलं नव्हतं अशा चुलत नणंदा. हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर डझनभर केळी. यायचं, हळहळायचं, म्हशीला शिव्या द्यायच्या, चहा प्यायचा आणि कप खाली ठेवताना म्हणायचं, "बघू गं, हात उघडून दाव."

म्हशीचं पुढं सांगते. आधी हाताचं.

मी क्रांती. वडलांनी मोठ्या हौसेनं हे नाव ठेवलं आणि अठरा भरल्याबरोबर लग्न लावून दिलं, तेव्हा नावाचं फार मनावर घेऊ नका. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या विरळणीला बायकांच्या टोळ्या जातात, त्यातल्या एका टोळीची मी मुकादम. घडात मणी दाटीनं धरतात. वेलींच्या मांडवाखाली उभं राहायचं, मान मागे टाकायची, हात वर करून बोटांनी घड उकलायचा आणि जादाचे मणी कात्रीनं काढून टाकायचे. कात्रीला स्प्रिंग असते, ती आपली आपण उघडते. पण बोटं उघडायला स्प्रिंग नसते, ती आपल्यालाच उघडावी लागतात. माझी बोटं घडात अशी शिरायची की एका मण्याला ओरखडा नाही. मालाडचे, दुबईचे व्यापारी बागेत आले की मालक त्यांना माझ्या ओळीतले घड दाखवायचे. हे मी फुशारकीनं सांगतेय आणि सांगणारच, कारण माझ्याकडे दुसरं फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं.

मागच्याच्या मागच्या हंगामात टोळीला घेऊन परत येणारा टेम्पो कालव्याच्या वळणावर उलटला आणि माझा उजवा दंड मोडला. बाकीच्या बायका खरचटण्यावर सुटल्या. माझं हाड जुळलं, पण हाडाला लगटून जाणारी नस कामातून गेली. मनगट लोंबायला लागलं. मूठ मिटायची, उघडायची नाही. नस आपोआप सुधारते का म्हणून डॉक्टरांनी बराच काळ वाट पाहिली, ती काही सुधारली नाही. मग मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. हाताच्या पुढच्या बाजूचे जे स्नायू शाबूत होते, त्यातल्या काहींची टोकं सोडवून पाठीमागच्या, मनगट-बोटं उचलणाऱ्या दोऱ्यांना जोडली. तळहात पालथा करणारा स्नायू मनगट उचलायच्या कामाला लावला. मनगट वाकवणारा स्नायू बोटं उघडायच्या कामाला लावला. हात बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिला आणि प्लास्टर निघाल्यावर मला सांगलीला, विश्रामबागेत व्यायामासाठी पाठवलं.

तिथं अंकिता भेटली. सातारची पोरगी, फिजिओथेरपिस्ट, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि रागानं माझ्या वरताण. पहिल्या दिवशी तिनं माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मनगट उचला. मी जीव तोडून उचलायला गेले, काही हललं नाही. मग ती म्हणाली, उचलायचं विसरा, तळहात पालथा करतोय असं मनात आणा. मी आणलं, आणि मनगट वर आलं. माझ्या अंगावर काटा आला. हात माझा, आणि भलत्याच हुकमाला ओ देत होता.

बोटांचं प्रकरण अवघड होतं. बोटं उघडायची तर मनगट वाकवतोय असं मनात आणायचं, पण मनगट वाकू द्यायचं नाही. बोटं जरा फुरफुरायची आणि पुन्हा मिटायची. कधी तर उघडायला जावं आणि मूठ आणखी घट्ट व्हावी. मी चिडले. म्हटलं, मॅडम, मेंदू माझा ठिकाणावर आहे, स्नायू जोडलेला आहे, मग मध्ये कोण आडवं येतंय?

अंकिता म्हणाली, मध्ये मज्जारज्जू आहे. मेंदू एवढंच म्हणतो की उघड. कुठल्या स्नायूनं कधी ओढायचं आणि त्याच वेळी कुणी सैल पडायचं, यातला बराचसा हिशोब पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत बसलेला असतो, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. आता स्नायूची जागा बदलली, लांबी बदलली, ओढ बदलली. तो स्नायू मज्जारज्जूला जी खबर पाठवतो तीही बदलली. मज्जारज्जूला हे कुणी कळवलेलं नाही. तो जुन्याच वहिवाटीनं चालतो, उघडायच्या वेळी मिटणाऱ्यांनाही कामाला लावतो. हळूहळू शिकतो तो. किती तो शिकतो आणि किती मेंदू, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण शिकतो हे नक्की.

मला ते लगेच पटलं. टोळीला मी नुसतं 'लागा' म्हणते. कोण कुठल्या ओळीला लागायचं, कुणी कुणाच्या मागे राहायचं, हे बायकांचं त्यांना ठाऊक असतं. एखादीची ओळ बदलली की चार दिवस ती सवयीनं जुन्याच ओळीत शिरते आणि तिथं दोघी एकमेकींना धडकतात. तिच्यावर ओरडून उपयोग नसतो. नव्या ओळीत तिच्या हातून काम पडलं की पाय आपोआप तिकडं वळतात.

तेव्हा काम असं होतं. मनगट सरळ धरायचं आणि बोटं उघडायची. चेंडू धरायचा, सोडायचा. वाटी धरायची, सोडायची. रोज, खोटं न करता. येत्या विरळणीपर्यंत हात उघडला तर माझी टोळी माझी. मागचा हंगाम सोनमनं माझ्या जागी निभावला होता. सोनम माझ्याच हाताखाली शिकलेली, बरी पोरगी. पण दोन हंगाम जी टोळी चालवते तिचीच टोळी होते, हे मला सांगायला कुणी नको होतं. मांडवाखालचं काम गेलं की मला घरातला सोपा उरला, पाहुणे उरले आणि चहा उरला.

आता पाहुण्यांकडे येते.

पाहुणा समोर बसला की सासू, चंद्राबाई, कौतुकानं हाक मारायची. मी पदर सावरून पुढं यायचे. पाचसहा डोळे माझ्या मुठीवर. उघड, उघड की, भिऊ नको, जोर लाव. जोर लावला की मूठ आणखी आवळायची. पाहुण्यांचे चेहरे पडायचे, कुणीतरी च्च करायचं, कुणी मिरजेपेक्षा पुण्याला न्यायला पाहिजे होतं म्हणायचं. सासू ओशाळायची आणि पाहुणे गेल्यावर भांड्यांचा आवाज वाढायचा. जणू मी मुद्दाम उघडत नव्हते.

एकदा मी थकून मनगट खाली सोडून दिलं, आणि बोटं उघडली. त्यात माझं कर्तब काही नाही. मनगट लोंबलं की पाठीमागच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं आपोआप वर येतात. मेलेल्या माणसाच्या हाताचीही येतात. पण माझी मामेसासू खूश झाली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सासूनं दुसऱ्यांदा चहा टाकला. त्या दिवसापासून मी तेच करायला लागले. कुणी म्हणालं हात उघडून दाव, की मनगट सोडायचं. बोटं वर. बघा, झाली बरी. लोक समाधानानं घरी जायचे. माझंही डोकं वाचायचं.

सगळ्यात खूश व्हायचा माझा धाकटा दीर, शिवतेज. तो दारात उभा राहून म्हणायचा, बघा, वैनी ठणठणीत. मग म्हशीची गोष्ट तोच सांगायचा. टेम्पो तो चालवत होता. वळणावर अचानक म्हैस आडवी आली, तिला वाचवायला गेला आणि गाडी कलंडली. मग त्यानं एकट्यानं वहिनीला उचलून कसं दवाखान्यात नेलं, हे हातवारे करून. लोक म्हशीला शिव्या देत आणि त्याच्या पाठीवर थाप मारत.

म्हैस नव्हती. कालव्यापासून वळणापर्यंत तो डाव्या हातानं फोन कानाला लावून बोलत होता. मी मागून दोनदा ओरडले, फोन ठेव. त्यानं हात वर करून गप्प बसायला सांगितलं. टेम्पोतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे. त्या बोलल्या नाहीत, कारण पुढंही त्यांना त्याच्याच टेम्पोतनं बागेत जायचं होतं. नवऱ्याला मी दवाखान्यातच सांगितलं. लालासाहेब भला माणूस आहे, भला म्हणजे कुणाला काही न बोलणारा. तो म्हणाला, घरातलं घरात राहू दे, तुझा हात बरा झाला की झालं. म्हणजे माझा हात बरा झाला की शिवतेजचा गुन्हा मिटला, असा तो सरळ हिशोब होता. प्रत्येक पाहुण्यापुढे मी बोटं वर करत होते आणि शिवतेज सुटत होता. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला आणि शिरलं तेव्हा माझा मलाच राग आला.

ते डोक्यात शिरायला कारण अंकिता झाली. फळछाटणी उरकून वेली फुटल्या होत्या, द्राक्षबागायतदार भरतेश पाटलांचा फोन येऊन गेला होता. माणूस सज्जन, फार जपून बोलला. क्रांतीताई, यंदा टोळी तुमची धरू का सोनमताईंची, तेवढं सांगा, बागेला थांबता येत नाही. मी म्हटलं, माझी धरा. त्याच आठवड्यात अंकितानं माझ्या हातात चेंडू दिला आणि टोपलीत टाकायला सांगितलं. मी मनगट सोडलं, चेंडू पडला. तिनं पुन्हा दिला. मी पुन्हा मनगट सोडलं. तिनं चेंडू कोपऱ्यात भिरकावला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी सांगितलं, पाहुण्यांपुढे करते.

"पाहुण्यांपुढे कराल आणि माझ्यापुढे नाही, असं मज्जारज्जूला कळत नाही. जे केल्यानं काम होतं ते तो उचलतो. तुम्ही त्याला रोज शिकवताय की हात उघडायचा म्हणजे मनगट टाकायचं. मांडवाखाली हात वर केल्यावर मनगट कुठं टाकणार आहात?"

हात डोक्यावर धरला तर मनगट खाली लोंबत नाही, पाठीमागे पडतं, आणि पाठीमागे पडलं की बोटं मिटतात. मला हे कधी सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, यापुढे एकदासुद्धा नको. कुणी कितीही म्हणो. उघडला तर सरळ मनगटानं, नाहीतर मिटलेला राहू दे. आताच नवं बसायला लागलंय, त्याच्यावर हे बसलं तर मग मला काही करता येणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

घरी येऊन मी सासूला सांगितलं, आत्या, आजपासून हात दाखवणं बंद. सासू म्हणाली, बरं बाई, एकदा शिराळ्याची माणसं येऊन जाऊ देत, मग कर बंद. शिवतेजला शिराळ्याची मुलगी सांगून आली होती. पत्रिका बघून झाल्या होत्या, मुलगा पसंत होता, आता मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. त्यांच्या कानावर टेम्पोचं गेलं होतं. जावयाच्या हातून गाडी उलटली, भावजय कायमची अधू झाली, असं कुणीतरी घातलं होतं. तेव्हा क्रांतीनं एकदा हात उघडून दावला की तोंडं बंद. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, एकदाच की गं, एका डावानं काय होतंय. मी त्याला मज्जारज्जूचं सांगायला लागले तर तो बैलाला पेंड टाकायला उठून गेला.

रविवारी सकाळी शिराळ्याची माणसं आली. मुलीचे वडील तात्याबा, दोन चुलते आणि मुलीची आत्या धोंडुबाई. धोंडुबाई कमी बोलणारी, पण तिची नजर सोप्यापासून परड्यापर्यंत सगळीकडे फिरत होती. तात्याबांनी पाऊसपाण्याचं, उसाच्या तोडीचं विचारून घेतलं. शिवतेज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. पोहे झाले, चहा आला. मग तात्याबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, ते गाडीचं काय झालं होतं म्हणायचं.

सासूनं म्हैस सांगितली. शिवतेजनं म्हैस सांगितली. धोंडुबाई म्हणाली की उद्या आमची पोर याच्याच शेजारी गाडीत बसणार, म्हणून विचारलं, राग मानू नका. सासू म्हणाली, राग कसला, आणि तिनं मला हाक मारली.

"क्रांते, हिकडं ये गं. पावण्यास्नी हात उघडून दाव."

मी चौकटीपाशी उभी होते. मनात ठरवलं होतं, पुढं जायचं, मूठ मिटलेलीच दाखवायची आणि माघारी यायचं. काय वाटायचं ते वाटो. पण शिवतेजला तेवढ्यानं भागेना. तो उठला, माझ्यासमोर आला, बाही वर केली आणि पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाला, नुसता उघडून नव्हे, वैनी धरून सोडून दावत्यात. आणि त्यानं आपलं मनगट माझ्यापुढे धरलं. गेल्या आठवड्यात, बंद करायच्या आधी, मी सासूपुढे मनगट टाकून पेला असाच धरून सोडला होता, ते त्यानं बघितलं होतं.

मी त्याचं मनगट धरलं. मिटायला माझ्या हाताला कधीच अडचण नव्हती, आणि मनगट उचलणारा स्नायू आता कामाला लागल्यामुळे पकड पहिल्यासारखी झाली होती. त्याच्या चेहऱ्यावरनं ते त्याला जाणवलं.

"आता सोडा," तो म्हणाला.

मी मनगट सरळ ठेवलं आणि सोडायला गेले. खरंच गेले, खोटं सांगत नाही. मनात जे आणायचं ते आणलं. मूठ आणखी आवळली. पाहुणे वाकून बघायला लागले. सासूनं हसून म्हटलं, दमली असंल, सकाळपासनं चुलीपुढं हाय. मी पुन्हा सोडायला गेले, पुन्हा आवळली. शिवतेजनं हात मागे घ्यायला पाहिला आणि थांबला, कारण ऑपरेशनच्या हाताला झटका द्यायचा नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं आणि पाहुण्यांसमोर भावजयीचा हात कोण झटकणार.

मग तो माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "वैनी, मनगाट खाली टाका की."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. हे सोंग आहे, हात उघडत नाही, नुसतं मनगट टाकलं की उघडल्यासारखा दिसतो, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो दारात उभा राहून वैनी ठणठणीत म्हणत होता. जवळजवळ दोन वर्षांचा सगळा राग एका जागी आला आणि तो इतका स्वच्छ होता की माझा आवाज चढलासुद्धा नाही.

"शिवतेज, म्हस कुणाची हुती?"

वाकला होता तो ताठ झाला.

इतकी माणसं आली, इतक्या जणांनी म्हशीला शिव्या दिल्या, पण म्हैस कुणाची होती हे एकानं विचारलं नव्हतं. आमच्या भागात रस्त्यावर म्हैस दिसली की माणूस आधी विचारतो कुणाची आहे, दूध किती देते, डेअरीला कुठल्या घालतात. टेम्पो उलटवणाऱ्या म्हशीचा मालक तर दुसऱ्या दिवशी दारात भांडायला उभा राहायचा. कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"व्हय रं," धोंडुबाई म्हणाली. "कुणाची हुती म्हस?"

सासू घाईनं म्हणाली, सुटलेली असेल कुणाचीतरी, अंधार पडला होता. चुलत्यांपैकी एकजण म्हणाला, म्हस सुटली तर गाव शोधत फिरतंय. कुणी हसलं नाही. लालासाहेब भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, क्रांती, सोड त्याला.

"सोडतीया की," मी म्हटलं. "सोडायचा हुकूम कवाच दिलाय. हाताला पोचत न्हाई. ह्यो हात असाच हाय, पावनं. उघडत न्हाई. मनगाट खाली टाकून मी लोकास्नी फसवत हुते, आज टाकणार न्हाई. आता म्हशीचं त्यो सांगंल."

शिवतेजच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या मनगटातली नाडी माझ्या बोटांखाली उडत होती. त्यानं आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. लालासाहेबानं मान खाली घातली, पण या वेळी तो बाहेर गेला नाही. एवढं तरी केलं त्यानं.

"म्हस न्हवती," शिवतेज म्हणाला. "फोनवर हुतो."

धोंडुबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि उठली. ती कुणाला टाकून बोलली नाही, चहाचा अर्धा कप तेवढा जमिनीवर नीट सरकवून ठेवला.

"चला दादा," ती भावाला म्हणाली. "घर बघून झालं."

माणसं गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग सासू माझ्यावर तुटून पडली. पोराच्या नशिबाला लागली, घराण्याचं नाक कापलं, इतके दिवस गिळलं होतं तर आजच कशाला ओकली. मी ऐकून घेतलं. आजच कशाला, हे मलाही विचारायचं होतं. पहिल्या दिवशीच का नाही, हे मला जवळजवळ दोन वर्षं जाळत होतं आणि त्याचं उत्तर त्या सोप्यात बसलेल्या प्रत्येकाकडे थोडं थोडं होतं. ती दमल्यावर म्हणाली, आता तरी सोड माझ्या लेकराला.

मूठ तशीच होती. मी शिवतेजला म्हटलं, "तू सोडव. एकेक बोट. झटका देऊ नगंस."

त्यानं डाव्या हातानं सुरुवात केली. आधी करंगळी उचलायला गेला, ती उचलून पुढच्या बोटाकडे वळला तर करंगळी परत मिटली. त्यानं पुन्हा उचलली, अंगठ्यानं दाबून धरली. माझ्या हाताच्या पुढच्या बाजूला लांब वण आहे, पाठीमागे दुसरा, मनगटापाशी आणखी एक. इतक्या दिवसांत त्यानं या हाताचं कौतुक लोकांना सांगितलं होतं, पण हात इतक्या जवळून पाहिला नव्हता. तो वणांकडे बघत होता. मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, आली नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यानं धरून ठेवलं आणि मधल्या बोटाला हात लावला. मी त्या वेळी हाताचा विचार करत नव्हते. मी एवढाच विचार करत होते की या माणसाचा हात आता माझ्या हातात नको. आणि मधलं बोट त्यानं उचलायच्या आधी उचललं गेलं. मागोमाग तर्जनी. मनगट सरळ होतं, जिथल्या तिथं. पाठीमागची दोरी कातडीखाली ताणलेली मला दिसली. त्याचं मनगट मोकळं झालं, तरी माझी बोटं हवेत तशीच उघडी राहिली, क्षणभर का होईना, कुणी न धरता.

शिवतेजच्या ते लक्षात आलं. एकट्याच्याच आलं. त्याचा चेहरा एकदम उजळला, अगदी पूर्वीसारखा, आणि तो वळून म्हणाला, "आये, बघ, वैनीचा हात खराच उघडला. वैनी, आयेला दावा की परत."

सासू डोळे पुसत पुढं आली. लालासाहेबही आला. तिघं माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.

मी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.

"बघायचा असंल तर मांडवाखाली या," मी म्हटलं, आणि टोळी पक्की करण्यासाठी भरतेश पाटलांना फोन लावायला आत गेले.